आत्याबाई पुन्हा बाहेर बसल्या

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. एके दिवशी सकाळी त्या चुलीपाशी आल्याच नाहीत. गोठ्याशेजारच्या पडवीत तरट टाकून भिंतीकडे तोंड करून बसल्या. ती जागा विटाळशीची. पाळी आली की घरातल्या बाईनं तीन दिवस तिथं बसायचं, कशाला शिवायचं नाही, वरून वाढलं जाईल ते खायचं. मी नवी सून, माझी तिथं दर महिन्याला वारी ठरलेलीच. पण आत्याबाईंची पाळी जाऊन तर कैक वर्षं झाली होती. "मी सुटली बाप्पा यातून," असं त्यांनीच मला लग्नानंतर सांगितलं होतं.

मी लांबूनच विचारलं, "आत्याबाई, इथं काऊन बसल्या?"

"काऊन म्हणजे? लुगड्याले लागलं. दूर हो, शिवशीन मले."

मामंजी, म्हणजे माझे सासरे, ओट्यावर होते. त्यांनी ऐकलं, उगाच खाकरले आणि शेताकडे चालू लागले. पुरुषांना या बाबतीत शेत फार सोयीचं असतं.

आमच्या देऊळघाट गावात अशी गोष्ट झाकून राहत नाही. विहिरीवर एकीनं उष्णता म्हटलं, दुसरीनं कोणाची तरी नजर म्हटलं. तिसरी पदर तोंडाला लावून म्हणाली, "बुढीले पुन्हा जवानी आली वं!" सगळ्या हसल्या, मीही हसले. सुईण काढा देऊन गेली. तो काढा पाळीचा होता आणि आत्याबाईंनी तो निमूटपणे घेतला.

तीन दिवस झाले, त्या न्हाऊन घरात आल्या. आठवडा उलटतो न उलटतो तोच पुन्हा पडवीत. मग पंधरा दिवस काही नाही, मग पुन्हा. हे काय चाललंय मला कळेना. आजार म्हणावा तर त्यांना कुठं दुखत नव्हतं. पाळी म्हणावी तर तिला काही धरबंद असतो की नाही? आणि सगळी बाई पांढरीफटक पडत चालली होती. पाट्यावर मिरच्या वाटताना दम लागायचा. भाकर अर्धी टाकून उठायच्या. "पोट साफ झाल्यासारखं वाटतच नाही," एवढंच कधीमधी म्हणायच्या.

मग एकदा आम्ही दोघी एकाच वेळी बाहेर बसलो. चूल मामंजींच्या हाती गेली आणि आम्ही करपलेली खिचडी खाल्ली. पहाटे परसाकडे जायचं तेही बाकीच्या बायांपासून वेगळं, आम्ही दोघीच. आत्याबाई तुरीच्या आड फार वेळ बसायच्या. जाताना त्यांचं लुगडं स्वच्छ असायचं, येताना मागं ताजा लाल डाग. दुसऱ्या दिवशीही तेच. अन् दिवसभर मग काही नाही.

मी तरटावर बसून विचार करत राहिले. विचारावं तर कोणत्या शब्दात? हाताला, पायाला, पोटाला शब्द आहेत. या जागेला आमच्याकडे फक्त शिव्यांतले शब्द होते, आणि सुनेनं सासूपुढं ते कसे काढायचे? मला रडू यायला लागलं, रागही आला. कोणाचा राग ते मात्र सांगता आलं नसतं.

शेवटी म्हणाले, "आत्याबाई, हे परसाकडे गेल्यावरच येते का?"

"तुले काय करायचं?"

"पुढून येते का मागून?"

त्यांनी बाजूची गोवरी उचलली. वाटलं, आता बसते डोक्यात. "लाज नाही वाटत सासूले असं इचारायले?" गोवरी हातातच राहिली. मग अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "म्या पाह्यलंच नाही वं. रक्त म्हटलं का बाईले तेच असते ना?"

मला भीती वाटली. इतकी की मी उठून त्यांचा हात धरला. विटाळाला विटाळ काय व्हायचा! मामंजींना ओट्याखालून हाक मारली, "आत्याबाईले बुलढाण्याले न्या, दवाखान्यात. आजच." त्यांनी बैल सोडून आणले आणि गाडी जुंपली.

दवाखान्यात बाई डॉक्टर होती. तिनं एकामागून एक विचारलं: रक्त लाल की काळं? दुखतं का? पोटाची सवय बदलली का? भूक, वजन? आत्याबाई लुगड्याच्या काठाशी चाळा करत माझ्याकडे बघायच्या आणि मी उत्तर द्यायची. एका बाईच्या शरीराची साक्ष दुसरी देत होती. डॉक्टरबाईनं आत्याबाईंना आत नेऊन बोटानं तपासलं. बाहेर येऊन म्हणाली, "पुष्कळदा ही मूळव्याध असते. पण पाहिल्याशिवाय तसं म्हणून बसायचं नाही, या वयात तर नाहीच. हिच्या आत बोराएवढी गाठ आहे. सध्या ती काढता येईल. उशीर केला असता तर मला हात लावता आला नसता."

गाठ काढली. आत्याबाईंच्या तोंडावर हळूहळू रंग आला. पडवीतलं तरट आता माझ्या एकटीचं झालं.

पण मला नवाच ताप सुरू झाला. मी बाहेर बसले रे बसले की आत्याबाई अंगणातून, गडी-माणसांसमोर, खणखणीत आवाजात विचारायच्या, "कुठून आलं? नीट पाह्यलं का?" मी शरमेनं मरायची. "पाह्यलं, आत्याबाई," म्हणेपर्यंत त्या हलायच्या नाहीत. त्या होत्या तोवर हे दर महिन्याला चाललं.

त्या गेल्या. पुढं माझीही पाळी गेली. परवा पहाटे परसाकडून आले आणि लुगड्याला लाल लागलेलं दिसलं. पाय आपोआप पडवीकडे वळले. कोणी विचारायला नव्हतं, तरी अंगणात मी थांबले. ओट्यावर मुलगा दात घासत होता. त्याला म्हणाले, "गाडी जुंप. मागून येऊन राह्यलं."

तो खाकरायला लागला. मी तेच पुन्हा, मोठ्यानं सांगितलं.