डाव्या चाकाचा आवाज

लातूरहून सकाळी निघालो तेव्हाच गाडीच्या पुढच्या डाव्या चाकातून आवाज येत होता. डब्यात भुंगा अडकावा तसा. वेग वाढला की तो चढायचा आणि उजवीकडे वळताना आणखी मोठा व्हायचा. माझे वडील, आप्पा, गाडी चालवत होते. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

"बेअरिंग गेलं का पुन्हा?" मी विचारलं.

"डुप्लिकेट माल द्यायलेत माय सगळे. वर्षात हे तिसरं हाय. माझ्या जीपला पाच-पाच वर्षं बघावं लागत न्हवतं."

मी कोल्हापुरात शिकवते. आईला जाऊन वर्ष झालं होतं. माहूरची रेणुका ही तिच्या माहेरची देवी, म्हणून तिच्या नावानं देवीची ओटी भरायला आम्ही चाललो होतो. आप्पांनी चाळीस वर्षं लातूर-उदगीर रस्त्यावर प्रवासी जीप चालवली. त्यांच्या हातातलं स्टिअरिंग मागायची माझी कधी हिंमत झाली नव्हती. पुढच्या सीटवर साडी, नारळ, हळदकुंकवाची पिशवी ठेवलेली, म्हणून मी मागे बसले.

अहमदपूरला चहा घेतला, घरून आणलेले धपाटे (ज्वारी-बेसनाची तिखट भाकरी) खाल्ले. पुढे बालाघाटचे बुटके डोंगर लागले. सोयाबीन निघून गेलेली काळी रानं आणि मध्येच पिवळ्या फुलांनी भरलेली तूर. आप्पा एरवी रस्त्यातल्या गावागावाच्या गोष्टी सांगायचे. आज त्यांची नजर रस्त्यावरून हलत नव्हती.

लोह्याच्या अलीकडे रस्त्याच्या डाव्या कडेनं एक बाई डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन चालली होती. मला ती लांबूनच दिसली. गाडी सरळ तिच्याकडे जात होती.

"आप्पा!" मी ओरडले.

त्यांनी स्टिअरिंग ओढलं. बाईनं मोळी टाकून चारीत उडी मारली. डावं चाक साइडपट्टीवरून धाडकन खाली गेलं आणि परत वर आलं. मी उतरून धावत गेले. तिचं कोपर खरचटलं होतं.

"डोळे फुटले का हो तुमचे?" ती आप्पांवर ओरडली. मी हात जोडले, सरपण गोळा करून मोळी तिच्या डोक्यावर दिली.

"मधीच आली ती," गाडी सुरू करताना आप्पा म्हणाले. ती मध्ये आली नव्हती. पण बापाला खोटं कसं पाडायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

नांदेडला पोचेपर्यंत आवाज एवढा वाढला की पुढे जाणं शक्यच नव्हतं. देगलूर नाक्याकडे एका गॅरेजात गाडी लावली. मालक रशीदभाई पन्नाशीचे, दाढी पांढरी, बोलणं मऊ. चाक जॅकवर उचलून त्यांनी वर-खाली धरून हलवलं. ते सैल दातासारखं डुगडुगलं.

तासाभरानं त्यांनी मला एकटीलाच बोलावलं. आप्पा बाहेर चहा पीत होते. रशीदभाईंच्या हातात बेअरिंगची कडी होती. आत छर्रे फिरतात त्या गुळगुळीत वाटेवर सारख्या अंतरानं बारीक खळगे पडले होते.

"ताई, माल असलीच हाय, डुप्लिकेट न्हाई. बसवलंबी बराबर, प्रेसवर दाबून. पानी शिरलं न्हाई. ह्ये मार खाऊन खाऊन गेलंय." मग त्यांनी रिमची आतली कड दाखवली, दोन ठिकाणी चेपलेली. टायरच्या बाजूला कापलेलं. मडगार्डला ओरखडे. "सगळं डाव्याच अंगाला. उजवीकडं एक खरोंच न्हाई. गाडी कोन चालवतं?"

"वडील."

त्यांनी कडी खाली ठेवली. मग लाल फडकं घेऊन बाहेर आले.

"चाचा, जरा सामने बघा. त्या खांबाकडं. मान हलवायची न्हाई. फडकं दिसलं की बोला."

"ह्ये काय खेळ हाय?" आप्पा हसले, पण बसले सरळ.

रशीदभाईंनी उजवीकडून फडकं पुढे आणलं. ते खांद्याच्या रेषेत येताच आप्पा म्हणाले, "दिसलं." मग डावीकडून. फडकं कानापाशी आलं, गालापाशी आलं. आप्पा खांबाकडेच बघत होते. फडकं जवळजवळ नाकासमोर आलं तेव्हा ते दचकले.

रशीदभाईंनी फडक्याला उगाच हात पुसले.

"नवं टाकतो, चाचा. पन तुमी चालवली तर ह्येबी चार म्हैन्यात जाईल. बेअरिंगचं सोडा. रस्त्यावर मानसं असतात."

आप्पांनी खिशातून किल्ली काढली आणि माझ्याकडे न बघता पुढे केली.

दुपारी मी गाडी चालवत अर्धापूरकडे निघाले. आवाज गेला होता. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, कडेला घडांनी भरलेले ट्रक. ओटीचं सामान मांडीवर घेऊन आप्पा माझ्या डावीकडे बसले होते. अर्धापूर मागे पडल्यावर ते बोलले.

"तुझी आई इथं बसायची. सारखी बोलायची. डावीकडं बैल हाय, डावीकडं खड्डा हाय, जरा उजवीकडं घ्या. मी खेकसायचो तिच्यावर. चाळीस वर्षं गाडी चालवली, तू मला शिकवती का म्हनून. एकदा मागं बसवलं तिला. मागूनबी बोलायचीच."

मी वेग कमी केला. पहिलं बेअरिंग आई गेल्यावर दोन महिन्यांनी गेलं होतं. ते मला आत्ता आठवलं, त्यांना बहुधा मघाशीच आठवलं असावं.

"तुम्हाला कळत नव्हतं का, आप्पा?"

"अंधार दिसला असता तर कळलं असतं. तिकडं काही नसल्यासारखंच वाटायचं. ती गेल्यावर वाटलं, लक्षच लागंना झालंय."

माहूरला पोचायला संध्याकाळ झाली. आप्पांनी डावा हात माझ्या खांद्यावर ठेवला आणि आम्ही पायऱ्या चढलो. त्या हाताचं वजन मला पहिल्यांदाच कळत होतं. ओटी भरून झाली. प्रसादाचा तांबूल (कुटलेला विडा) हातात घेऊन ते देवीसमोर उभे राहिले. ओठ हलत होते. नवस बोलत होते की माफी मागत होते, मी विचारलं नाही. बाहेर येऊन ते एका पायरीवर बसले आणि डोक्यावरची टोपी तोंडाशी धरून रडले. आईला नेलं त्या दिवशीही मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं.

परतीचा सगळा रस्ता मी चालवला. लातुरात पोचल्यावर दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. काचबिंदू निघाला. डावा डोळा जवळजवळ गेलेला, उजव्याचीही नाकाकडची बाजू गेलेली. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली थेंब टाकून राखायची, असं डॉक्टर म्हणाल्या. बरीच वर्षं हळूहळू चालू असणार, असंही म्हणाल्या. मी कोल्हापुरातून दर रविवारी फोन करायचे आणि 'बरे आहात ना' विचारायचे. त्या प्रश्नानं मला काहीच कळलं नव्हतं. शेजारच्या सीटवर बसणाऱ्या बाईला सगळं कळलं होतं, आणि आप्पांना अपमान वाटू नये म्हणून तिनं ते नुसत्या कटकटीसारखं बोलून दाखवलं होतं.

आप्पांनी डॉक्टरांना औषधाबद्दल काही विचारलं नाही. उठताना फक्त एवढंच म्हणाले, "मंग तिला कवापासून ठाव असंल हो?"

डॉक्टर माझ्याकडे बघू लागल्या. मी थेंबांची चिठ्ठी घडी करत राहिले.