नागाई-सानांचं कोरडं फडकं

फुमी-सानचा फोन आला तेव्हा मी बटाटे सोलत होते. इथे जपानात, फुनाबोरी स्टेशनजवळ तिचं आणि नागाई-सानांचं, नवरा-बायकोचं बेंतोचं, म्हणजे तयार जेवणाच्या डब्यांचं दुकान. एरवी फोनवर आधी हवापाण्याचं बोलायची, त्या दिवशी नाही. "नागाई गेले," एवढंच म्हणाली, आणि लगेच मलाच विचारलं, "तुमचे गुडघे कसे आहेत?"… मी काय उत्तर दिलं कोण जाणे. हातातला बटाटा मात्र सोलून सोलून लिंबाएवढा झाला होता.

दोन हजार सालानंतर पुण्या-मुंबईकडून कॉम्प्युटरवाल्यांची रीघ लागली ना इकडे, त्यातच आमचे हे कंपनीच्या कामावर आले आणि मागोमाग मी. पन्नाशीला टेकलेली, मॅट्रिक पास, जन्मात नोकरी न केलेली. हे सकाळी सातला बाहेर, लेक पुण्यात कॉलेजात. दिवसभर मी कचरा वेगळा करत बसायची, हा जळणारा, हा न जळणारा. एकदा या दुकानाच्या काचेवर माणूस हवाय असा कागद दिसला, तर शेजारणीला दुभाषी म्हणून ओढून सरळ आत शिरले. नागाई-सानांनी विचारलं, "पाच तास उभं राहता येईल?" म्हटलं, "अहो, पंचवीस वर्षं ओट्याशी तेच तर केलंय!" झाली नोकरी.

भाताच्या कुकरवरच्या फळीवर एक भलामोठा चामड्याचा हातमोजा होता. मला चौकशा फार. चार महिन्यांत मोडकंतोडकं जपानी आल्यावर पहिला प्रश्न त्याचाच विचारला. तर हे गृहस्थ चक्क व्यावसायिक बेसबॉल संघात नऊ वर्षं पगारी खेळाडू! "किती धावा काढल्या?" म्हटलं. "एकही नाही. मॅचमध्ये कधी उतरलोच नाही," असं म्हणाले, जसं काही आज पाऊस नाही म्हणावं. त्यांचं काम प्रेक्षकांच्या मागे, आडोशाला. मैदानात जाण्याआधी गोलंदाज हात गरम करतो, त्याचे चेंडू झेलायचे. आपल्या विकेटकीपरसारखं, पण सामना नाहीच. आणि झेलताना मोजा असा धरायचा की फट्टकन आवाज निघाला पाहिजे. तो ऐकून गोलंदाजाला वाटतं, वा, आज आपला हात चांगलाय!

"आणि चेंडू वाईट पडला तर?"

"तरी तोच आवाज."

"मग खोटंच की हो ते!"

ते हसले. "हजारो माणसांसमोर जायचंय त्याला. पाय तरी कापू नयेत." मग यश कशाला म्हणायचं, हेही मी सोडलं नाही. म्हणाले, "तो गेला, दार लागलं, आणि त्याच्या जागी उतरवायला दुसऱ्या कुणाला तयार करायची वेळच आली नाही, की समजायचं. माझा मोजा रिकामा राहिला तो दिवस चांगला."

सायकलवरून घरी येताना डोक्यात आलं, मग माझी भाजी? कारण डब्याच्या कोपऱ्यात माझी बटाट्याची पिवळी भाजी घालायची कल्पना त्यांचीच. रोज चमचाभर चाखायचे आणि "उमाई!" असं ओरडायचे, म्हणजे झकास! रांगेतली गिऱ्हाइकं दचकायची. कधीकधी लगेच फडकं घेऊन काउंटर पुसायचे, तो स्वच्छ कोरडा असला तरी. मी म्हणायची, काय ही जपानी टापटीप! त्याच "उमाई"वर विसंबून पुढे मी दुकान सोडलं आणि पुण्याहून इथे आलेल्या इंजिनियर पोरांना डबे द्यायला लागले. आजतागायत तेच करते. पण ती शंका काही गेली नाही, आणि ते गेल्यावर तर… आता विचारायचं कुणाला? सगळं आयुष्य एका चांगल्या आवाजावर उभं केलं की काय मी?

ते गेल्याच्या एकोणपन्नासाव्या दिवशी, हा इथे आपल्या तेराव्यासारखा मानतात, भाजी घेऊन दुकानात गेले आणि फुमी-सानला विचारूनच टाकलं. ती आधी डोळे पुसून हसली. "आवाज सगळ्यांना सारखाच द्यायचे. पण चेंडू वाईट असला की परत देण्याआधी तळव्यात घोळवत बसायचे. ज्याला कळून घ्यायचं त्याला कळायचं. दुकानात चेंडू नव्हता, म्हणून फडकं."

अगंबाई! म्हणजे ती टापटीप नव्हतीच! किती वेळा पुसला असेल हो तो काउंटर… मग एकदम आठवला दुकान सोडते म्हणून सांगायला गेले तो दिवस. मुद्दाम घरून भाजी नेली होती. त्यांनी चाखली, ओरडले, आणि फडकं खांद्यावरच राहिलं. मला पक्कं आठवतंय, कारण काउंटरवर सोया सॉस सांडला होता आणि शेवटी तो मी पुसला.

फुमी-साननी फोटोपुढे भाजी ठेवली, मग एक फोड स्वतः खाल्ली. "उमाई!" अगदी त्यांच्यासारखी ओरडली. मी तिच्या हाताकडे बघत होते. हात हळूच फडक्याकडे गेला, आणि ती काउंटर पुसायला लागली, कोरडा ठणठणीत.

घरी येऊन पातेल्यातली चाखली. मीठ जास्तच होतं.