ढग आले की माल उचला

हसणार असाल तर आधीच हसून घ्या, कारण पुढे हसण्यासारखं फार नाही. गुंतवणुकीतलं आपल्याला कळतं, असं मला वाटत होतं. तिथूनच सगळं बिघडलं!

मी नंदुरबारला मिरचीच्या पथारीवर वजनकाट्यावर असतो. पथारी म्हणजे मिरची वाळवायचं मोकळं मैदान. तिथला नियम एकच. आभाळ भरून आलं की मिळेल त्या भावाला माल काढून मोकळं व्हायचं. भिजलेली मिरची काळी पडते, मग तिला कुत्रंही विचारत नाही.

माझी धाकटी बहीण सुमन धानोऱ्याला असते. नवरा गेल्यापासून शिवणकाम करते. पोरीला, म्हणजे वैशालीला, नर्सिंगला घालायचं म्हणून बँकेतल्या मॅडमच्या सांगण्यावरून दर महिन्याला म्युच्युअल फंडात पैसे टाकायची.

एक दिवस टीव्हीवर बातमी, बाजार कोसळला! सांगणाऱ्याचा चेहरा असा, जणू त्याचीच मिरची भिजली! लगेच फोन लावला.

"सुमन, पैसा काढी ले!"

"भाऊ, मॅडमनी तं सांगेल शे, बाजार पडना तरी हात लावानं नही."

"मॅडमले काय म्हाईत? ढग उनात का माल उचलानाच!"

"तू सांगस तं काढस."

काढले बिचारीने. तोट्यात. आणि बाजार? थोड्याच दिवसांत असा वर गेला, जणू आम्ही उठून जायचीच वाट बघत होता!

मी तोंड पाडून मॅडमकडे गेलो. त्या म्हणाल्या, "काका, घाबरून विकलं की तोटा पक्का होतो. धीर धरायचा असतो." पटलं हो मला! इतकं पटलं की तिथेच घात झाला.

तोटा भरून काढायचा म्हणून सुमनच्या उरलेल्या पैशांची ओली मिरची घेतली. निदान हा तरी माझ्या ओळखीचा धंदा! पथारीवर पसरली. अर्धीमुर्धी वाळली आणि अवेळी आभाळ भरून आलं. मिरची बघायला आलेली सुमन म्हणाली,

"भाऊ, व्यापारी आते बी घेवाले तयार शे. दी टाकूत का?"

"नही! घाबरी गयं का तोटा पक्का. धीर धर!"

अख्खी पथारी माझ्याकडे बघत होती. जन्मभर ढग बघून पळणारा मी, त्या दिवशी हाताची घडी घालून उभा! मग पाऊस आला. ताडपत्रीखालून पाणी शिरलं, मिरची काळी पडली, आणि वैशालीची फी तिच्यातच गेली.

पोर यंदा घरीच आहे. आईने शिवलेल्या कपड्यांना बटणं लावत बसते. माझ्याशी नीट बोलते, त्याचंच जास्त लागतं. सुमनने तर हिशोबही मागितला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं! तेव्हापासून मला घास गोड लागत नाही.

परवा तिचा फोन आला.

"भाऊ, एक इचारनं शे. गल्लीन्या बायास्नी भिशी सुरू करेल शे. पैसा टाकू का नको?"

माझे डोळेच भरून आले. एवढं होऊनही बहीण मलाच विचारते! मी बराच विचार केला, सगळ्या बाजू पाहिल्या आणि जड आवाजात म्हणालो, "नको टाकू."

"बरं झायं, इचारी लिधं."

ती फोन बंद करायला विसरली असावी. कारण लगेच तिची हाक ऐकू आली, "वैशू, भिशीमा पैसा टाकी दे वं! मामा नको म्हनस!"