मामांनी पसंत केलेला रॉड

या जगात निर्दोष वस्तू म्हणून एकही नाही, या गोष्टीवर माझ्या बायकोच्या मामांची जेवढी श्रद्धा आहे, तेवढी त्यांची ग्रामदेवतेवरही नसावी. देवीला ते वर्षातून एकदा नारळ देतात, पण तो नारळ निवडायला अर्धा दिवस घेतात. दुकानातले सगळे नारळ कानाशी हलवायचे, बोटांनी टकटक करायची, डोळे बघायचे, शेंडी ओढायची आणि शेवटी पहिलाच नारळ उचलायचा, असा क्रम. एकदा दुकानदार वैतागून म्हणाला, "मामानू, कसलोय न्या, देवी काय बोलूची नाय!" तर मामा शांतपणे म्हणाले, "ती बोलूची नाय, म्हणानच बघून दिवक व्हयो." दुकानदार हसला. मीही तेव्हा हसलो होतो. आता ते वाक्य आठवलं की हसू येत नाही.

मामांचा सगळा जन्म मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढण्यात गेला. रापण म्हणजे समुद्रात लांब सोडलेलं जाळं, त्याचे दोर किनाऱ्यावर उभं राहून पंचवीस-तीस माणसांनी ओढायचे. त्या दोरांनी मामांचे तळवे असे झालेत की चहाचा गरम पेला ते बुडाला धरतात आणि समोरच्याला म्हणतात, "थंड आसा, घेवा." बायको मेली, मूल नाही, आणि माझी बायको ही त्यांची एकुलती एक भाची. त्यामुळे आमच्या घरात येणारी प्रत्येक वस्तू मामांच्या हाताखालून जायची. छत्री घ्यायची तर ते दुकानात उघडून खाली उभे राहायचे आणि मालकाला वरून तांब्याभर पाणी ओतायला लावायचे. खुर्ची घ्यायला गेले तेव्हा तिच्यात बसून बघता बघता झोपले ते तिन्हीसांजेला उठले, आणि डोळे चोळत म्हणाले, "पाठ दुखता. दुसरी दाखव." मासळीबाजारात बांगड्यांचे कल्ले उचलून बघताना ते इतके गंभीर होतात की कोळणीलाही आपल्या बांगड्याची काळजी वाटायला लागते.

आणि आठवण! शिरा पडो त्या आठवणीवर! माझ्या लग्नात आलेल्या तांब्याला बुडाशी, कोरलेल्या नावाच्या डाव्या अंगाला पोचा होता, हे त्यांना आजही आठवतं. कुठल्या जत्रेत घेतलेल्या आरशाचं कोणतं टोक उडालेलं होतं, हेही. तीस वर्षांपूर्वीच्या सुपाची एक वेळूची पट्टी उलटी बसवली होती, म्हणून ते विणणाऱ्याच्या मुलाला अजून ऐकवतात. मामा एखादी खोट विसरले, असं मी एकदाही पाहिलेलं नाही.

मलाही त्यांनीच पसंत केलं. मुलगी बघायला मी गेलो, असा माझा समज होता. प्रत्यक्षात मामा माझ्याभोवती दोन प्रदक्षिणा घालून आले, मला विहिरीवरून भरलेली घागर आणायला लावली, माझे हात उलटेपालटे करून बघितले आणि सगळ्यांदेखत निकाल दिला, "वायच ढिलो आसा, पण गंजूचो नाय." माझा बाप आतल्या गावात गुडघाभर चिखलात भात लावायचा. त्याला हा शेरा इतका आवडला की मरेपर्यंत तो मला त्याच शब्दांत हाक मारायचा.

तर असा मी, ढिला. पुढे सरकारी नोकरीत टेबल मिळालं, आणि टेबलाच्या मागे बसून बसून टेबलाला टेकेल एवढं पोट आलं. घरात मालवणी, ऑफिसात इस्त्री केलेलं मराठी, अशी जीभही दोन झाली. त्यात आमचे नवे साहेब घाटावरून बदलून आले. चाळिशीचा माणूस, पण शर्टाची बाही दंडावर टरटरते. त्यांनी भाड्याच्या खोलीत व्यायामशाळा केली होती आणि मोबाइलवर तिचे फोटो दाखवायचे. एकदा माझ्या पोटाकडे बघून म्हणाले, "घरीच एक रॉड आणि चार प्लेटा घ्या. कुडाळला चांगलं दुकान आहे. मग मी येतो बघायला." साहेब माझ्या घरी येणार म्हटल्यावर माझ्या अंगात वारं शिरलं. आठ दिवस मी व्हिडिओ बघितले. बारीक रॉड, जाड रॉड, टोकं फिरणारा, टोकं न फिरणारा, चकचकीत मुलाम्याचा, काळा. मागच्या पडवीतली लाकडं आणि नारळाची सोडणं हलवून जागा केली. बायको म्हणाली, "मामांक विचारलास?" मी म्हटलं, "मामांना यातलं काय कळतं?" दुसऱ्या दिवशी सकाळी मामा पिशवी घेऊन दारात. "खंयचो रॉड घेतास तो? किनाऱ्यार लोखांड घेणा म्हणजे खेळ नाय. चला, मी येतंय."

मी त्यांना व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो पुरा बघितला आणि विचारलं, "ह्यात गंज दिसता काय?"

कुडाळच्या त्या दुकानात काचेचं दार, थंड हवा, आरसेच आरसे. घट्ट बनियन घातलेला तरुण मालक आणि त्याच्यासारखीच दोन-तीन गिऱ्हाइकं. आणि त्यात आमचे मामा: गुडघ्यापर्यंत दुमडलेली लुंगी, खांद्यावर पंचा, अंगाला सुक्या मासळीचा वास. आत शिरतानाच मी दोन पावलं पुढे चालायला लागलो, हे मला नंतर आठवलं. मामांनी भिंतीला लावलेले रॉड बघितले आणि पहिलाच उचलून डोळ्याशी धरला, वल्हं सरळ आहे का बघतात तसा. एक डोळा मिटून. मग म्हणाले, "असा कळूचा नाय," आणि सरळ फरशीवर आडवे झाले. गाल जमिनीला लावून मला म्हणाले, "जावयबापू, लोटा." मी लोटला. रॉड गडगडत गेला. "मधी थरथरता. दुसरो." असे पाच झाले. प्रत्येकाची टोकं कानाशी धरून फिरवली, अडकित्त्याने ठोकून आवाज घेतला, आणि पकडीच्या खरखरीवर तळवा फिरवून सांगितलं, "ह्या हाताक चावूक व्हया, खावक नको." खरं सांगतो, आठ दिवसांच्या व्हिडिओत एवढं सोपं करून कोणी सांगितलं नव्हतं. पण बनियनवाली पोरं तोंडावर हात धरून हसत होती आणि माझे कान तापले होते.

सहाव्या रॉडला मामांनी मान हलवली. मला वाटलं, सुटलो! तर त्यांनी पिशवीतून एक बाटली काढली, झाकण उघडलं आणि रॉडवर धार धरली.

"ओ काका! काय ओतताय?" मालक ओरडला.

"घाबरा नको. दर्याचा पाणी आसा, सकाळीच भरून आणलंय. ह्यो रॉड असोच ठेवा. आठ दिवसांनी येतंय. गंजलो नाय तर घेतंय."

"आणि गंजला तर?"

"मगे तुमचो तुमका."

फरशीवर समुद्राचं थारोळं, मालक लालबुंद, मामा शांत. आणि काचेचं दार उघडून आत आले आमचे साहेब.

"अरे वा, तुम्ही? घेताय ना रॉड!" साहेब खूश. मग त्यांची नजर खाली गेली. उकिडवे बसलेले मामा पंच्याने रॉड पुसत होते. "हे कोण तुमच्याबरोबर?"

 मला विचार करायलाही वेळ लागला नाही, हीच लाज आहे. मी म्हणालो, "हा? हा वाडीतला गडी आहे. सामान उचलायला आणलाय."

मामांचा हात थांबला. क्षणभरच. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. बाटलीचं झाकण लावून ती पिशवीत ठेवली, फरशी आपल्या पंच्याने कोरडी केली, आठ दिवसांची अट सोडून वीस किलोचा तो रॉड खांद्यावर घेतला आणि मान खाली घालून विचारलं, "साहेब, खंय ठेवू?"

मला साहेब! अजून त्यांच्या गावात माझं नाव कोणी नुसतं घेतलं तर "जावयबापू म्हण रे मेल्या" म्हणून दटावणारा माणूस. मी पैसे मोजले आणि बोटाने बाहेर उभा केलेला भाड्याचा टेम्पो दाखवला. मग एकेक करून सगळ्या प्लेटा त्यांनी वाहिल्या. वय सत्तरीकडे झुकलेलं. मी हात लावायला पुढे झालो तर म्हणाले, "ऱ्हवांदे साहेब, कपडे खराब होतीत." आमचे साहेब कौतुकाने म्हणाले, "गडी दणकट आहे हो तुमचा," आणि मी, माझ्या तोंडात माती पडो, हसून मान डोलावली.

परतताना टेम्पोत ड्रायव्हरशेजारी जागा होती. मी म्हटलं, "मामानू, पुढे बसा." आता साहेब नव्हते ना, म्हणून पुन्हा मामानू! ते मागे हौद्यात रॉडजवळ बसले. "घरंगळतलो तो," म्हणाले. सबंध रस्ताभर मी मागच्या काचेतून बघत होतो. उन्हात डोक्यावर तोच ओला पंचा आणि दोन्ही पायांमध्ये धरलेला रॉड. घरी पोचल्यावर भाचीला म्हणाले, "बरो गावलो. जावयांनीच पारखलो." मग जेवले, दोनदा सोलकढी मागून घेतली, आणि गेले.

मला वाटलं होतं रागावतील, येणं बंद करतील. तसं झालं असतं तर बरं झालं असतं, निदान पाय तरी धरले असते. मामा दर रविवारी यायला लागले. रॉडवर मी अकरा दिवस व्यायाम केला. बाराव्या दिवसापासून तो दोन बाकड्यांवर आडवा आहे आणि त्यावर बायकोची परकर-पोलकी वाळतात. मामा येतात, त्यावरचे कपडे काढून बाजूला ठेवतात, खोबरेल तेलाच्या फडक्याने रॉड पुसतात, कपडे पुन्हा त्यावर वाळत घालतात. खाऱ्या वाऱ्यात आमच्या खिडक्यांच्या सळया खपल्या धरून गळायला लागल्या, पण रॉडला अजून ठिपका नाही. घरात तेच हसणं, तेच "जावयबापू". बदल झाला तो बाहेर. बाजारात मी एकटा असलो तर लांबून हाक मारतात. पण माझ्याबरोबर ऑफिसातलं कोणी दिसलं की मामा भाजीवालीकडे वळतात आणि टोमॅटो पारखायला लागतात. आम्ही निघून जाईपर्यंत पारखतात. एकदा मी मुद्दाम थांबलो, तर त्यांनी सगळी पाटी उलटी केली. भाजीवाली करवादली, पण मामांनी मान वर केली नाही. मला हाक मारता आली असती. मी मारली नाही. दोन वेळा, तीन वेळा, मोजायचं सोडून दिलं.

मग एका रविवारी साहेब कबूल केल्याप्रमाणे आले. सुरमई खायला आणि रॉड बघायला. बायकोने घाईघाईने रॉडवरचे परकर काढले. मामा पडवीत फडकं घेऊन बसलेले. अंगणात साहेबांचा आवाज ऐकला मात्र, ते उठले, फडकं खुंटीला लावलं आणि मागच्या दाराकडे वळत मला म्हणाले, "झाला पुसून. येतंय, साहेब."

माझ्याच घरात! भाचीच्या घरातून हा माणूस उपाशीपोटी मागच्या दाराने निघाला होता, मला लाज वाटू नये म्हणून. माझे पाय आपोआप गेले आणि मी त्या दारात आडवा उभा राहिलो. साहेब पडवीत आले होते. मी म्हटलं, "साहेब, हे माझ्या बायकोचे मामा. कुडाळला दुकानात मी तुम्हाला गडी म्हणून सांगितलं, ते खोटं होतं. मला लाज वाटली यांची. लाज माझी वाटायला हवी होती." हे ऐकून बायको उलथनं हातात घेऊनच स्वयंपाकघराच्या दारात आली. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. मामांनी एका शब्दानेही सांगितलं नव्हतं.

साहेब गोंधळले. "कुडाळला? कधी हो? मला काही लक्षात नाही." ते खरंच बोलत होते. ज्या माणसासाठी मी ते पाप केलं, त्याच्या डोक्यात ते संध्याकाळपर्यंतही टिकलं नव्हतं.

मी म्हटलं, "मामांच्या लक्षात आहे."

मामा वळले. तांब्याचा पोचा, आरशाचं उडालेलं टोक, सुपाची उलटी पट्टी, सगळं ज्यांच्या डोक्यात जपून ठेवलेलं आहे, त्या मामांनी खुंटीवरचं फडकं पुन्हा घेतलं. ते रॉडजवळ जाऊन उकिडवे बसले.

"माका काय एक आठवणा नाय," ते म्हणाले. "म्हातारो झालंय मी. जावयबापू, ता टोक धरा बघू, खालसून पुसूचा ऱ्हवला."

साहेबांच्या देखत मी खाली बसलो आणि ते टोक धरलं.