बटणांवरची पट्टी

ह्यांच्या कामाच्या शर्टाच्या बटणांवर पट्टी शिवत होते. निम्मी झाली होती, तेवढ्यात हे आत आले आणि म्हणाले, "राहू दे."

हे मोटारींच्या कारखान्यात दारं बसवायचे. रंगवून आलेल्या गाडीवर ओणवं व्हावं लागतं, म्हणून तिथे अंगावर धातू चालत नाही. घड्याळ नाही, पट्ट्याच्या बकलावर कापड, बटणं पट्टीखाली. लग्नातली अंगठी तर लग्नाच्या रजेवरून कामावर परतल्या दिवशीच माझ्या हातात दिली. ती मी देवापुढच्या डबीत ठेवली. जाऊबाई चिडवायच्या, "भाऊजी, बाहेर बिनलग्नाचे म्हणून मिरवता की काय?" हे म्हणायचे, "वहिनी, बायकोचा राग निघतो, गाडीवरचा ओरखडा निघत नाही." सुट्टीतसुद्धा अंगठी घातली नाही. घरातल्या कपाटाजवळूनही अंग चोरून जायचे.

मग परदेशातून सुटे भाग येईनासे झाले. गाड्या जोडायची लाइन चार दिवस चाले, आठ दिवस बंद. पुढे बॅटरीच्या गाड्या आल्या. त्या दुसऱ्या देशात बनवायला स्वस्त पडतात म्हणे. इथल्या माणसांना 'कळवू' म्हणून घरी बसवलं. हे दर सोमवारी दाढी करून तयार. मी शर्टाला इस्त्री करायची आणि देवाला एकच मागायची, ह्यांची लाइन सुरू कर.

लेक एकदा म्हणाली, "बाबा, आता तरी अंगठी घाला ना!"

"आणि उद्या बोलावलं तर?" एवढे खेकसले की पोरगी जेवली नाही. रात्री स्वतःच तिचं ताट वाढून घेऊन गेले.

आज रंगखात्यातले ह्यांचे दोस्त आले. दारातच उभे राहिले.

"वहिनी, पाणी द्या." पाणी पिऊन ह्यांना म्हणाले, "यंत्रं उचकटून ट्रकवर चढवली रे. तुझी दारं टांगून यायची तो झोपाळासुद्धा. डोळ्यांनी बघून आलोय."

हे हसले. "बघ की. इतकी वर्षं लाइनवरून गाड्या गेल्या, आज गाडीवरून लाइन गेली."

दोस्त हसले नाहीत. त्यांना फाटकापर्यंत सोडून हे आत आले, आणि 'राहू दे' म्हणाले ते तेव्हा. मी सुई तशीच खोचली. ह्यांनी हात पुढे केला.

"आण ती."

"काय, अहो?"

"अंगठी."

डबी उघडून दिली. पेराशी अडकली. साबण लावला, तेल लावलं, तरी पुढे जाईना. दारं उचलून उचलून बोटं केवढी जाड झाली होती, ते मी रोज ताट वाढत असूनही कधी बघितलं नव्हतं. कारखाना बंद झाला तेव्हा न रडलेला माणूस मोरीच्या उंबऱ्यावर बसून त्या बोटाकडे बघत रडला. मी पाठीवर हात ठेवला. देवाला काय सांगावं तेच सुचेना.

बऱ्याच वेळाने तोंड धुऊन आले. अंगठी रुमालात बांधली, चपला घातल्या.

आता सोनाराकडे गेलेत, अंगठी मोठी करून आणायला.