गोठ्याच्या दारातला चेहरा

आदिलाबादेत मी स्टुडिओ चालवला त्या वर्षांत फोटो काढण्यापेक्षा काढलेले फोटो दुरुस्त करण्यातच माझा जास्त वेळ गेला. लग्नाच्या मुलीच्या गालावर देवीचे वण असले की तिचा बाप दारातच आवाज खाली करून सांगायचा, "भाऊ, जरासं टचिंग करजा." मग मी निगेटिव्ह काचेवर लावायचो, काचेखाली दिवा ठेवायचो आणि टोकदार पेन्सिलीनं एकेक वण भरत बसायचो. वण भरला की कागदावर गाल गुळगुळीत उमटतो. दुपारपर्यंत मान धरायची, डोळ्यांतून पाणी यायचं. अशा गुळगुळीत गालांवर किती मुली उजवल्या आणि लग्नानंतर किती नवऱ्यांनी मला शिव्या घातल्या असतील, देव जाणे.

दुसरं गिऱ्हाईक कचेरीचं. शेताच्या पट्टा पासबुकाला फोटो लागायचा आणि मंडल कचेरीतला कारकून सांगून पाठवायचा की दोन्ही डोळे, दोन्ही कान स्वच्छ दिसले पाहिजेत, नाहीतर अर्ज रद्द. त्या एका वाक्यानं आमच्या भागाचं फोटोबद्दलचं सगळं शिक्षण झालं. तामसीकडचे शेतकरी स्टुलावर बसायचे ते फटके खायला बसल्यासारखे ताठ, आणि विचारायचे, "कान आले नं, भाऊ?" कान आले की फोटो चांगला. तिथं मान जरा वळवा, उजेड गालावर येऊ द्या, असं सांगणं म्हणजे स्वतःचं हसं करून घेणं होतं.

आणि मला नेमकं तेच करायचं होतं. नागपूरला फोटोग्राफर मंडळींचा एक क्लब होता. वर्षातून एकदा ते प्रदर्शन भरवायचे, गावोगावचे लोक आपले काळेपांढरे फोटो पाठवायचे. एकदा कागद आणायला म्हणून नागपूरला गेलो असताना ते प्रदर्शन पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. परत येताना बसमध्ये ठरवूनच टाकलं की आपणही असं काही करायचं. त्यानंतर इचोड्याच्या ढाब्यांवर जाऊन ट्रकवाल्यांचे चेहरे काढले, मावल्याच्या तळ्यावर म्हशी काढल्या. नागपूरला पाठवलं ते सगळं परत आलं. माझ्या म्हशी म्हशींसारख्याच दिसत होत्या, त्यात बक्षीस द्यावं असं काही नव्हतं.

ती म्हातारी मला एका लग्नात सापडली. तामसीच्या पुढं एक लहान गाव आहे, तिथं तिच्या नातीचं लग्न होतं आणि फोटोचं काम माझ्याकडं होतं. मांडवात सगळे फोटोसाठी ढकलाढकली करत होते आणि ही एकटी मागं गोठ्याच्या दारात बसून कापसातून सरकी सोडवत होती. दार पूर्वेला. कोवळं ऊन आत येत होतं आणि तिचा डावा गाल, डावा डोळा, नाकाची धार एवढंच उजळत होतं. उरलेला चेहरा गोठ्याच्या अंधारात गेलेला होता. मी बघतच राहिलो. नवरानवरीला हाका मारायला लागल्या.

त्यानंतर चार हिवाळे मी त्या गावाला जात राहिलो. उन्हाळ्यात जाऊन उपयोग नव्हता. ऊन लवकर चढायचं आणि फिल्म धुवायला पाणी एवढं तापलेलं असायचं की वरचा थर लोण्यासारखा सुटून यायचा. हिवाळ्यात सकाळच्या बसनं जायचं, चार-पाच फोटो काढायचे, परत येऊन धुवायचे आणि कपाळाला हात लावायचा. एकदा हात हलला. एकदा म्हातारी हसली. एकदा मागचा बैल मध्ये आला. घरी बायको म्हणायची, "एवढे खेटे माह्या माहेराले घातले असते तर माह्या बापानं तुमाले सोन्याची आंगठी केली असती." दुसऱ्या वर्षी ती म्हणाली, "घिऊन या आता बुढीले घरी, एकदाच काय ते." मला हसू यायचं नाही. मी तोवर थकलो होतो, पण सोडवतही नव्हतं.

म्हातारीशी बोलणं फार नसायचं. मी गेलो की ती तिच्या जागेवर येऊन बसायची, पदर उजव्या बाजूनं गालापर्यंत ओढून घ्यायची आणि कापसाला हात घालायची. एकदा मी म्हटलं, "माय, जराशी इकडं तोंड करजा."

"काऊन रे बापू? इकडंच बरं हाये."

"तिकडं अंधार हाये."

"असू दे नं. बुढीच्या तोंडावर का पाह्यतं?"

तिला दुसऱ्या दाराशी बसवून पाहिलं. तिथंही ती अशी बसली की उजवी बाजू भिंतीकडं आणि डावी उजेडाकडं. मला वाटलं, लाजाळू आहे. मग मी तो अंधारच पकडायचं ठरवलं. मुद्दाम कमी उजेड दिला, उजवी बाजू पूर्ण काळी राहावी, तिच्यात काही म्हणता काही दिसू नये म्हणून. चौथ्या हिवाळ्यात तो फोटो मिळाला. हात थांबलेले, मान किंचित खाली, एक डोळा सरळ माझ्याकडं. निगेटिव्हवर दुसरी बाजू धुतलेल्या काचेसारखी कोरी होती, म्हणजे कागदावर निव्वळ काळी.

त्याची एक प्रत मनासारखी उतरायला आठ दिवस गेले. लाइट कमीजास्त व्हायची, एका कागदावर राखाडी यायचं, दुसऱ्यावर कोळसा. शेवटी एक उतरली. ती नागपूरला गेली आणि बक्षीस घेऊन परत आली. बक्षिसाच्या वेळी परीक्षक म्हणाले, "अर्धा चेहरा लपवायला धाडस लागतं. तुम्ही ते दाखवलंत." मी मान तुकवली. खोटं कशाला सांगू, आयुष्यात एवढं बरं मला दुसऱ्या कशानं वाटलेलं नाही. पुढं क्लबातल्या नव्या पोरांसमोर त्या सावलीवर मी दोनदा भाषणही ठोकलं. सावली कशी योजावी लागते, वगैरे.

फोटो स्टुडिओत भिंतीवर लावला. गिऱ्हाइकं विचारायची, "भाऊ, लाइट गेली होती का?"

मग रंगीत आलं. नव्वदनंतर बसस्टँडजवळ रंगीत फोटोची मशीन बसली आणि लोकांना गाल गुलाबी मिळायला लागले. काळापांढरा कागद हैदराबादहून मागवला तरी कधी यायचा, कधी नाही. मी रंगीत फिल्म भरून लग्नं करायला लागलो. नागपूरला जाणं कमी झालं. पहाटे उठून बस पकडावी असं काही मनात येईना, आलं तरी गुडघे ऐकेनात. भिंतीवरची म्हातारी तेवढी होती. दुकान उघडलं की आधी तिच्याकडं नजर जायची आणि वाटायचं, आपण निदान हे एक केलं.

अशात एक दिवस तिचा मुलगा आणि मुलगी दुकानात आले. मुलगा माझ्या वयाचा, मुलगी त्याहून थोडी मोठी. म्हातारी जाऊन दहा महिने झाले होते. वर्षश्राद्धाला पूजेत ठेवायला फोटो हवा होता आणि घरात तिचा एकही फोटो नव्हता. मी नातीच्या लग्नाच्या निगेटिव्ह काढून पाहिल्या. प्रत्येकीत ती मागं, कुणाच्या तरी खांद्याआड, पदर ओढलेला. मग मी भिंतीकडं बोट दाखवलं. मनातून मला आनंदच झाला होता. म्हटलं, आता हा फोटो तिच्या घरी चालला.

मुलगा खुर्चीवर चढून जवळून पाहून आला.

"भाऊ, हा अर्धाच हाये."

"अर्धा नाई. तो तसाच काढला हाये."

"आसा फोटू कचेरीत बी चालत नाई. मंग देवाजवळ कसा चालंन? माह्या मायचं पुरं तोंड पायजे. दोन डोये, दोन कान."

मी समजावलं. बक्षिसाचं सांगितलं, परीक्षकांचं सांगितलं. तो आदरानं ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "ते नागपूरचं झालं. घरच्याचं का?" बहीण फोटोकडं बघत उभी होती.

त्या दिवशी मला राग आला होता, आणि रागाखाली एवढा थकवा होता की वाद घालायचीही ताकद नव्हती. घ्या म्हटलं तुमचे दोन डोळे. चार दिवसांनी या.

खरं तर अशा कामाला आधी दुसरी निगेटिव्ह करून घ्यायची आणि तिच्यावर पेन्सिल चालवायची. शिकाऊ माणसालाही हे कळतं. पण त्या मापाची फिल्म घरात नव्हती, ती मागवायची म्हणजे पंधरा दिवस, आणि मला हे प्रकरण डोळ्यांपुढून घालवायचं होतं. मी मूळ निगेटिव्हच काढली. पेन्सिल धरावी म्हणून कोरी बाजू बारीक पुडीनं घासून खरबरीत केली. अशी घासलेली जागा पुन्हा पहिल्यासारखी होत नाही, हे ठाऊक असून घासली. मग तीन दिवस बसून डाव्या डोळ्यासारखा उजवा डोळा काढला. पापणी, सुरकुत्या, बुबुळ, बुबुळात उजेडाचा ठिपका. गाल भरला, कान काढला. हात मुरलेला होता, काम बेमालूम झालं. छापून पाहिलं तर एक म्हातारी दोन्ही डोळ्यांनी माझ्याकडं बघत होती, पासबुकावर चालावी अशी.

ठरल्या दिवशी दोघं आले. मुलानं फोटो हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि बहिणीला दिला. तिनं पदरानं हात पुसून घेतला.

"हे कोन व्हय?" ती म्हणाली.

मला वाटलं, चेष्टा करते.

"मायचा उजवा डोया तं गेला होता, भाऊ. लहानपनीच. माता आली होती तवा. पांढराफेक होता." मग तिनं माझ्याकडं पाहिलं. "तुमी तं चार सालं येत होते. तुमाले नाई दिसला?"

"नाई," मी म्हटलं.

"मंग बराबर. तिनं दिसू देला नसंन. आमच्या बाबाले बी ती जेवन वाढाले याच बाजूनं येये."

मुलगा खाली मान घालून म्हणाला, "मले वाटलं, फोटूत तरी तिले दोन डोये राह्यले तं बरं दिसंन." एवढा वेळ मी ज्याच्यावर चिडलो होतो तो माणूस आपल्या आईला एक डोळा द्यायला आला होता आणि मला वाटत होतं, याला कचेरीपलीकडं काही कळत नाही. मला फार लाज वाटली. पंचवीस वर्षं देवीचे वण बुजवत बसलेला मी, त्याच देवीनं नेलेला डोळा माझ्यापासून दोन हातांवर होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता. मी उजेड बघत होतो.

बहिणीनं फोटो माझ्या टेबलावर ठेवला आणि भिंतीकडं पाहून म्हणाली, "तोच द्या. ती तशीच बसे. तिनं झाकलेलं झाकलेलंच राहू द्या."

भावानं नाही म्हटलं नाही.

तसा दुसरा छापणं आता शक्य नव्हतं. मी स्टूल घेतलं, खिळ्यावरून फोटो काढला, फडक्यानं काच पुसली. मागं नागपूरची चिठ्ठी चिकटवलेली होती, माझं नाव, गाव, बक्षीस. ती नखानं खरवडून काढली आणि वर्तमानपत्रात गुंडाळून फोटो तिच्या हातात दिला.

दाराशी जाऊन ती थांबली. "भाऊ, तुमाले ठेवाले दुसरा हाये नं?"

"हाये," मी म्हटलं.

पुढं नागपूरच्या त्या परीक्षकांनी जुन्या बक्षिसांच्या फोटोंचं प्रदर्शन करायचं म्हणून पत्र पाठवलं आणि म्हातारीचा फोटो मागितला. मी लिहिलं, निगेटिव्ह खराब झाली. त्यांनी पुन्हा लिहिलं, निदान ती सावली तुम्ही कशी योजली ते तरी चार ओळींत लिहून पाठवा, नव्या पोरांना उपयोगी पडेल. ते पत्र बरेच दिवस टेबलावर पडून होतं. शेवटी एका कार्डावर लिहून टाकलं की सावली मी योजली नव्हती. ती त्या बाईनं चार वर्षं माझ्यासमोर धरून ठेवली होती. मी फक्त बटण दाबलं.