धोक्याचा रकाना

आपत्ती आराखड्यासाठी पाडे पालथे घातले की फॉर्म राहतात अर्धे आणि किस्से साचतात जीपभर! मी तलाठी, सोबत ठाण्याहून आलेल्या भूगर्भवाल्या जोशी मॅडम आणि गाडीवर बबन. जव्हार-मोखाड्यात कुठे दरड, कुठे पूर, कुठे वीज, ते धोक्याच्या रकान्यात लिहायचं. एवढंच काम!

•

जव्हारजवळ एक साग अर्धा जळून काळा पडलेला. त्याच्याखाली सोमाबाबा निवांत बसलेले.

"बाबा, वीज किती वेळा पडली?"

"झाडावर दोनदा. माझ्यावर येकदा."

मॅडम दचकल्या. "आणि तरी इथेच बसता?"

"मंग? आता वळखते ती मला. दुसरीकडं बसलो तर शोधत फिरंल!"

बबनने जीप लगेच स्टार्ट केली.

•

मोखाड्याकडे लक्ष्मणच्या घरामागे डोंगराला भेग गेलेली. ती वाढते का ते कळावं म्हणून मॅडमनी दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकल्या. आठ दिवसांनी मोजलं, तर अंतर तेवढंच! मॅडम खूश.

लक्ष्मणने मात्र बांधापलीकडचा आंबा दाखवला.

"ताई, सकाळची ह्याची सावली आमच्या दारात यायची. आता गोठ्यावर पडते. खुंट्या जाग्यावर हायेत, पन जागाच जाग्यावर नाय!"

त्याच दुपारी सगळ्यांना शाळेत हलवलं. निघताना त्याच्या बायकोने दाराला कुलूप घातलं. मी म्हटलं, "आता कुलूप कशाला?"

"जाईल तर बंद होऊन जाऊंदे."

दोन दिवसांनी तसंच गेलं.

•

सूर्यमाळला मे महिन्यात विहीर कोरडी ठणठणीत. बायका म्हणाल्या, खालून आवाज येतो. भूकंपाचा असेल म्हणून मॅडम शिडीने उतरल्या, खडकाला कान लावला. वर आल्या त्या पांढऱ्याफटक!

"कोणीतरी भांडी घासतंय," त्या पुटपुटल्या.

एक म्हातारी शांतपणे म्हणाली, "आमालाबी तसंच वाटतं. पन आमाला नाय, तर त्यांना पानी कुठलं?"

फॉर्ममध्ये काय लिहायचं, सांगा!

•

आणि हा किस्सा ऑगस्टमधला. दाभोसा गावाजवळ ओहोळाच्या काठी जानकीबाईंचं घर. दोन पावसाळ्यांपूर्वी त्यांच्या नवऱ्याला याच ओहोळाने नेलं. त्याचा मोबाइल घरीच राहिला होता. त्यात त्याचा फोटो आहे, म्हणून बाई तो सोलर दिव्यावर चार्ज करून खुंटीला टांगून ठेवतात.

मी प्रश्न विचारत होतो आणि एकदम तो मोबाइल सायरनसारखा कोकलायला लागला! आमच्या तिघांच्या फोनला रेंजचा पत्ता नाही.

"भाऊसाहेब, वाचा. काय लिवलंय?"

मी वाचलं. "धोक्याच्या इशाऱ्याची चाचणी आहे, मावशी. काही करायची गरज नाही."

मॅडमनी मागचं झाकण उघडलं. आत सिमकार्डच नव्हतं.

जानकीबाई उठल्या. शेळी सोडली, नाचणीचं गाठोडं डोक्यावर घेतलं.

"अहो मावशी, नुसती चाचणी आहे!"

"ते कंदी उगा हाक नाय मारायचे," म्हणाल्या आणि टेकडी चढू लागल्या.

मी मॅडमकडे पाहिलं, मॅडमनी माझ्याकडे. बबनने कुणाकडेच पाहिलं नाही. त्याने जीप काढली आणि थेट वर नेऊन लावली. मग आम्हीही चढलो.

तासाभराने ओहोळ आला. आधी जीप होती तिथे छातीभर पाणी. आणि आमच्या डोक्यावर लख्ख ऊन!